वेशीवर हाका मारणारं शहाणपण

इस्राएलच्या उत्तर टोकाला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, तेल दान नावाचं पांढरीचं टेकाड आहे. १९६६ पासून अव्राहाम बिरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं खोदाई केली, तेव्हा सुमारे २८०० वर्षांपूर्वीची शहराची वेस उघडी पडली. काळ्या दगडांचं जाडजूड बांधकाम, आत शिरायची फरसबंद वाट आणि भिंतीला लागून लांबट दगडी बाक. दक्षिणेतल्या लाखीशच्या वेशीतही असे बाक सापडले आहेत. गावातली वडीलधारी मंडळी या बाकांवर बसत. जमिनीचे व्यवहार, वाटण्या, कर्जाच्या तक्रारी, साक्षीपुरावे हे सगळं तिथंच चाले. शेतावरून परतणारा, बाजाराला निघालेला, परगावाहून आलेला असा प्रत्येक जण तिथूनच आत-बाहेर करी.

प्राचीन हिब्रू लोकांनी शहाणपणाची कल्पना एका बाईच्या रूपात केली आणि तिला उभं केलं ते अशाच एका वेशीत. ती देवळाच्या गाभाऱ्यात बसत नाही की रानात तपाला जात नाही. वाटा एकमेकींना मिळतात तिथं, भर गर्दीत उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोठ्यानं हाका मारते. भोळ्याभाबड्यांना, टवाळखोरांना, मूर्खांनासुद्धा. आणि हीच बाई स्वतःविषयी सांगते की जगाचा पाया घातला जात होता तेव्हा ती देवाच्या शेजारी होती. समुद्राला त्याची हद्द आखून दिली जात असताना ती तिथं आनंदानं बागडत होती. विश्वाच्या जन्माची साक्षीदार असलेली ही शक्ती गावाच्या तोंडाशी उभी राहून लोकांना माप खरं ठेवा, जीभ आवरा, शेजाऱ्याशी नीट वागा असं विनवते. ही कल्पना मला प्रथम उमगली तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

हे शहाणपण हिब्रू बायबलमधल्या तीन पुस्तकांत साठवलेलं आहे. मराठीत त्यांची नावं नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक. चौथं पुस्तक बेन सिराचं. ते ज्यूंच्या पवित्र ग्रंथांच्या यादीत बसलं नाही, पण कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बायबलात आहे. पहिली तीन पुस्तकं सलग वाचताना एका गोष्टीनं माणूस चकित होतो. बायबल म्हटलं की जे आठवतं त्यातलं त्यांत जवळजवळ काहीच नाही. मोशे नाही, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटका नाही, दुभंगलेला समुद्र नाही, सीनाय पर्वतावरच्या आज्ञा नाहीत. देव आहे, त्याचं भय बाळगणं ही तर सगळ्या ज्ञानाची सुरुवात मानली आहे. पण विचारलेला प्रश्न कोणत्याही देशातल्या माणसाला विचारता येईल असा आहे: मिळालेलं हे आयुष्य नीट कसं जगावं?

नीतिसूत्रे हे एका माणसाचं लेखन नव्हे. शलमोन राजाचं नाव त्यावर आहे, पण आत अनेक संग्रह जोडलेले दिसतात आणि काहींच्या आरंभी त्यांचा उगमही नोंदवलेला आहे. एका संग्रहाच्या माथ्यावर लिहिलं आहे की यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी ही वचनं उतरवून काढली. हिज्कीया इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या दरबारी बसून जुनी वचनं गोळा करणारे, ताडून पाहणारे, नकलून ठेवणारे हे बिननावाचे लेखनिक मला फार जवळचे वाटतात. त्यांच्यामुळे कितीतरी लहान लहान निरीक्षणं आपल्यापर्यंत पोचली. बाजारात घेणारा वस्तूला नावं ठेवत राहतो, भाव पाडतो आणि घरी जाताना आपल्या हुशारीची बढाई मारतो, याची तिथं नोंद आहे. भल्या पहाटे शेजाऱ्याला गडगडाटी आवाजात आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच समजावा, अशीही एक नोंद आहे. जड मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे कडाक्याच्या थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं एके ठिकाणी सांगितलं आहे. दुःखी माणसाला हसवायला धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शांतपणे वाचावं असं आहे.

यातलं तराजूचं वचन तर हातात धरून पाहता येतं. खोटा तराजू देवाला किळसवाणा वाटतो आणि पुरं वजन त्याला आवडतं, असं नीतिसूत्रे सांगतं. यहूदाच्या भूमीत त्या काळातली चुनखडीच्या दगडाची वजनं शेकड्यांनी सापडली आहेत. आकारानं घुमटासारखी, तळ सपाट, वर शेकेलची खूण कोरलेली. एका शेकेलचं वजन सुमारे ११.३ ग्रॅम भरतं. चांदीची नाणी नव्हती, चांदी तोलून दिली जाई. त्यामुळे थैलीत घ्यायचं वजन वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवलं की गरिबाला लुटायला आणखी काही करावं लागत नसे. एका बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या दगडाकडे विश्वनिर्मात्याचं लक्ष आहे, हे सांगण्याची या लोकांना गरज वाटली. देवाला काय रुचतं याचं उत्तर त्यांनी होमहवनाआधी दुकानात शोधलं.

सगळंच स्वीकारण्याजोगं आहे असं नाही. मुलाला छडीनं वळण लावण्यावर या पुस्तकाचा जो भर आहे तो आज आपण मागे टाकलाच पाहिजे. परक्या बाईपासून सावध राहा हा इशारा तरुण मुलाला पुन्हापुन्हा दिला जातो, त्या बाईची बाजू कुणी विचारत नाही. पण याच पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एका बाईच्या तोंडी सुरू होतं. लमुएल नावाच्या राजाची आई मुलाला बजावते की दारूपासून दूर राहा आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड. राज्य करणाऱ्याला दिलेला इतका नेमका उपदेश मी फार कमी ठिकाणी वाचला आहे. त्यानंतर येते ती एका कर्त्या गृहिणीवरची कविता. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विणून विकते, गरिबाला हात देते. या कवितेच्या बावीस ओळी हिब्रूच्या बावीस अक्षरांनी क्रमानं सुरू होतात. आजही कितीतरी ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाआधी ती गायली जाते.

आता इजिप्तकडे वळू, कारण या कथेतला सर्वांत विलक्षण धागा तिथं आहे. १८८८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी वस्तू जमवणाऱ्या वॉलिस बज यांनी थीब्जमध्ये एक पपायरसची गुंडाळी मिळवली. ती नीट प्रसिद्ध व्हायला १९२३ साल उजाडलं. आत आमेनेमोपे नावाच्या एका कारभाऱ्यानं आपल्या धाकट्या मुलाला केलेला उपदेश होता. हा माणूस धान्याच्या आणि शेतजमिनीच्या नोंदी सांभाळणारा. पुढच्याच वर्षी बर्लिनचे इजिप्तविद्यातज्ज्ञ आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिलं की त्यातली वचनं आणि नीतिसूत्रेच्या बाविसाव्या ते चोविसाव्या प्रकरणांतली वचनं एकमेकांशी जुळतात, आणि ती एक-दोन नव्हेत, अनेक. गरिबाला लुबाडू नको. तापट माणसाशी मैत्री करू नको. शेताची हद्द दाखवणारा दगड सरकवू नको. संपत्तीच्या मागे धावू नको, तिला पंख फुटतात आणि ती आकाशात उडून जाते. इजिप्तच्या मजकुरात ती बदकहंसांसारखी उडते, हिब्रूत गरुडासारखी. आमेनेमोपेच्या उपदेशाची तीस प्रकरणं आहेत. हिब्रू मजकुरातही याच भागाच्या आरंभी एक दुर्बोध जागा होती, ती आता अनेक अभ्यासक तीस वचनांचा उल्लेख म्हणून वाचतात.

बांध कोरण्याचं पाप आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाईलच्या काठी तर ते आणखी तीव्र होतं. दर वर्षी पूर यायचा, गाळ पसरायचा, हद्दी पुसल्या जायच्या आणि मोजणी करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विधवेचं शेत टिकायचं किंवा जायचं. आमेनेमोपे हे रोज पाहत असणार. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचं लेखन हिब्रू संग्रहाहून कित्येक शतकं जुनं आहे. म्हणजे यरुशलेमच्या लेखनिकांनी मिसरी शहाणपण ऐकलं, पटलं तेवढं घेतलं आणि आपल्या पवित्र ग्रंथात सामील केलं. ज्या मिसरनं आपल्या पूर्वजांना गुलाम केलं अशी त्यांची दृढ श्रद्धा होती, त्याच मिसरचं. अनाथांच्या शेताचा बांध सरकवू नका, त्यांचा कैवारी बलवान आहे आणि तो त्यांचा खटला लढेल, असं त्यांनी ते आपल्या देवाच्या भाषेत सांगितलं. खरं शहाणपण कुणाच्या कुळातलं आहे हे न पाहता घेणारी ही मोठी मनं होती.

याच पुस्तकात दोन वचनं एकमेकांना खेटून उभी आहेत. पहिलं सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पुढचं सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणानुसार उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. लेखनिकाचं लक्ष नव्हतं म्हणावं तर वचनं शेजारीशेजारी आहेत, शब्दही जवळजवळ तेच आहेत. बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, आठवण नोंदवली आहे की अशा विसंगतीमुळे नीतिसूत्रे बाजूला ठेवून द्यावं असा विचार एके काळी पंडितांनी केला होता. मग त्यांनी तोड काढली: एक वचन धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी, दुसरं रोजच्या व्यवहारासाठी. मला मात्र वाटतं, ज्यानं ही दोन वचनं जोडून ठेवली त्याला वाचणाऱ्याला मध्येच थांबवायचं होतं. समोर कोण उभा आहे, वेळ कोणती आहे, गप्प राहिल्यानं काय बिघडेल, बोलल्यानं काय बिघडेल, हे सगळं पाहिल्याशिवाय इथं पुढे जाताच येत नाही. नियम पाठ करून भागेल अशी सोयच ठेवलेली नाही.

आणि विरोधी वचनं शेजारी ठेवण्याची हीच गोष्ट ग्रंथ जुळवणाऱ्यांनी पुढे केवढ्या मोठ्या प्रमाणावर केली पाहा. नीतिसूत्रेचा एकंदर विश्वास असा की नीट वागणाऱ्याचं भलं होतं आणि दुष्टाचा दिवा विझतो. त्याच ग्रंथसंग्रहात त्यांनी ईयोब ठेवला. ईयोब निर्दोष आहे, आणि त्याचं सर्वस्व जातं.

तो इस्राएली असल्याचं कुठं म्हटलेलं नाही. तो ऊस नावाच्या देशातला. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या, पाचशे गाढवी, सात मुलगे, तीन मुली. एका दिवसात सगळं जातं, मग अंगभर गळवं उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. दुरून पाहिल्यावर त्यांना तो ओळखूही येत नाही. ते रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. ज्यूंच्या घरी माणूस गेल्यावर सात दिवस सुतक पाळलं जातं. तेव्हा भेटायला गेलेल्यानं आधी बोलू नये, घरचा माणूस बोलेपर्यंत थांबावं, अशी रीत आहे. तालमूदनं या रीतीला आधार दिला तो या प्रसंगाचा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका कथेतलं मौन आजही घराघरांत पाळलं जातं.

बिघडतं ते मित्र बोलू लागल्यावर. त्यांचं बोलणं वाईट माणसांचं नाही. ते नीतिसूत्रेच्याच भाषेत बोलतात: तू काहीतरी केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, आठवून पाहा, क्षमा माग. ईयोब ऐकत नाही. तो आपल्या आयुष्याचा जमाखर्च शपथेवर मांडतो. त्यातली एक शपथ वाचताना मी दर वेळी थबकतो. माझ्या दासानं किंवा दासीनं माझ्याविरुद्ध तक्रार आणली तेव्हा मी ती धुडकावली असेल तर देवापुढे काय तोंड दाखवू, असं तो विचारतो, कारण मला गर्भात ज्यानं घडवलं त्यानंच त्यांनाही घडवलं. गुलामगिरी सर्रास चालणाऱ्या जगात हे लिहिलं गेलं आहे.

मग वावटळीतून देव बोलतो. आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो स्वतःच प्रश्न विचारतो. डोंगरातल्या रानशेळ्या केव्हा विततात, त्यांचे महिने तू मोजलेस का? रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं? शहामृगीण आपली अंडी मातीत टाकून जाते, कुणाच्या पायाखाली ती फुटतील याची तिला आठवणही राहत नाही, आणि तीच धावायला लागली की घोड्याला आणि घोडेस्वाराला हसते. माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो, आणि तिथं कोवळं गवत कोण उगवून आणतो? ही चार प्रकरणं म्हणजे जगातल्या निसर्गकवितेतलं एक शिखर आहे. त्यात घार आहे, घोडा आहे, हिमाची कोठारं आहेत, कृत्तिका आणि मृगाचे तारे आहेत, बेहेमोथ आणि लिव्याथान ही अजस्र जनावरं आहेत. माणूस जवळजवळ नाहीच. आपल्या दुःखाचं कारण शोधणाऱ्या माणसाला एवढं अफाट, त्याच्या उपयोगासाठी नसलेलं, तरीही जिव्हाळ्यानं सांभाळलेलं जग दाखवलं जातं. यानं दुःखाचा हिशेब लागत नाही. पण तू पाप केलंस म्हणून हे झालं, हा आरोप मात्र कायमचा गळून पडतो, कारण शेवटी देव मित्रांनाच सुनावतो: माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. तक्रार करणारा खरा ठरला आणि देवाची वकिली करणारे खोटे ठरले.

अखेरीस ईयोबाची गुरंढोरं दुप्पट होतात. चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट. मुलं मात्र दुप्पट होत नाहीत. पुन्हा सात मुलगे, तीन मुली. लिहिणाऱ्यानं हा आकडा वाढवला नाही; गेलेल्या मुलांची भरपाई होत नसते हे त्याला ठाऊक असावं असं मी मानतो. मुलग्यांची नावंही तो देत नाही. मुलींची देतो, यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक, आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वारसा दिला हे आवर्जून नोंदवतो.

मूळ हिब्रूवरून हे सगळं मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवायला घेतलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये स्वतः रमाबाई. भाषांतर छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. सात दिवस गप्प बसलेल्या त्या मित्रांच्या ओळी अशा बाईच्या हातून मराठीत आल्या.

उपदेशकाचं पुस्तक ईयोबाच्या मानानं लहान, अवघ्या बारा प्रकरणांचं. कोहेलेथ या नावानं बोलणारा हा माणूस राजा असल्यासारखा बोलतो, पण भाषा बरीच नंतरची आहे. त्यात फारसी शब्द शिरलेले आहेत. म्हणून बहुतेक अभ्यासक त्याला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपास ठेवतात. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत या पुस्तकाचे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले तुकडे मिळाले आहेत. कोहेलेथनं वाडे बांधून पाहिले, बागा लावल्या, तळी खोदली, सोनं जमवलं, ज्ञान मिळवलं. त्याला सगळं तोंडातून निघून विरणाऱ्या वाफेसारखं वाटलं, आणि हे तो तीसहून अधिक वेळा म्हणतो. वेगवान माणूसच शर्यत जिंकतो असं नाही, शूरच लढाई जिंकतो असं नाही; सगळ्यांना काळ आणि योगायोग गाठतो. एका लहान गावाला बलाढ्य राजानं वेढा घातला, एका गरीब शहाण्या माणसानं गाव वाचवलं, आणि नंतर त्याची कुणाला आठवणही राहिली नाही, अशी एक चारपाच ओळींची गोष्ट तो सांगतो. शहाणपणाच्या पुस्तकात शहाण्याची अशी उपेक्षा सांगायला धैर्य लागतं.

तरीही हा माणूस हताश करत नाही. सात वेळा तो थांबून तेच सांगतो: खा, पी, आपल्या कामात सुख मान, हे तुझं देवानं दिलेलं देणं आहे. आणि इथं इतिहास पुन्हा आपल्याला चकित करतो. १९०२ साली जर्मन विद्वान ब्रुनो माइसनर यांनी गिल्गमेश महाकाव्याचा एक जुना बाबिलोनी तुकडा प्रसिद्ध केला. हा मजकूर इसवी सनापूर्वी सतरा-अठराव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे कोहेलेथहून हजार वर्षांहूनही अधिक जुना. मित्राच्या मरणानं वेडापिसा झालेला गिल्गमेश अमरपणाच्या शोधात भटकत समुद्राकाठी मद्य विकणाऱ्या एका बाईपाशी येतो. ती त्याला समजावते की पोट भरलेलं असू दे, मौज कर, कपडे स्वच्छ ठेव, डोकं धू, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला कुशीत घे. कोहेलेथ नवव्या प्रकरणात सांगतो की आनंदानं भाकर खा, द्राक्षारस पी, पांढरी वस्त्रं नेस, डोक्याला तेल लाव, आवडत्या बायकोसोबत राहा. क्रमही जवळजवळ तोच. फरक पडतो तो शेवटी. हाताशी जे काम येईल ते सगळ्या ताकदीनिशी कर, असं कोहेलेथ पुढे जोडतो. त्याच्यासाठी कष्ट हाही सुखाचाच भाग आहे.

त्याचा व्यवहारी सल्लाही याच मुळातून येतो. पुढे काय होईल कळत नाही, म्हणून जे आहे ते सात-आठ ठिकाणी वाटून ठेव. वाऱ्याकडेच पाहत बसणाऱ्याची पेरणी राहून जाते, ढगांकडेच पाहत बसणाऱ्याची कापणी. सकाळी पेर आणि संध्याकाळीही हात आवरू नको, यातलं कोणतं बी रुजेल ते तुला माहीत नाही. अनिश्चितता मान्य करून तिच्यातच हातपाय हलवायचे, हे कोरडवाहू शेतकऱ्याचं शहाणपण आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ते इतक्या थेटपणे क्वचित सापडतं.

असलं पुस्तक पवित्र मानायचं की नाही यावर पंडितांत खरोखर वाद झाला. पवित्र गुंडाळीला हात लागला की हात धुवावे लागत, असा तेव्हाचा नियम होता. मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात नोंद आहे की कोहेलेथच्या गुंडाळीला हा नियम लागू करायचा का यावर शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या परंपरा विरुद्ध बाजूंना होत्या. शेवटी कोहेलेथ आत राहिला. सुगीनंतर येणारा मांडवांचा सण, सुकोथ, ज्यू परंपरेत आनंदाचा काळ म्हणून ओळखला जातो. त्या सणात कितीतरी सभास्थानांत हेच पुस्तक वाचलं जातं.

बेन सिराचं नशीब उलटं. येशुआ बेन सिरा हा यरुशलेमचा शिक्षक. त्यानं सुमारे इसवी सनापूर्वी १८० मध्ये लिहिलं. त्याचा नातू इसवी सनापूर्वी १३२ मध्ये इजिप्तला गेला आणि त्यानं आजोबांचं पुस्तक ग्रीकमध्ये आणलं. बायकांविषयी हा लेखक इतकं कठोर लिहितो की ती पानं आज वाचवत नाहीत. पण त्याच्याच अडतिसाव्या प्रकरणात आजारी माणसानं वैद्याला मान द्यावा, औषधं देवानंच जमिनीतून उगवून दिली आहेत, असं ठामपणे म्हटलं आहे. प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे. पुढे तो नांगरणारा, मुद्रा कोरणारा, लोहार आणि कुंभार यांची चित्रं काढतो. भट्टीच्या धगीनं लोहाराची कातडी पोळते, घणाचा आवाज कानात घुमत राहतो, कुंभार पायानं चाक फिरवत असतो. यांना सभेत कुणी वरच्या जागी बसवत नाही, पण यांच्यावाचून शहर वसत नाही, असं तो लिहितो.

कित्येक शतकं हे पुस्तक ग्रीक आणि इतर भाषांतरांतूनच वाचलं जाई. मूळ हिब्रू हरवलं होतं. १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेली काही जुनी पानं केंब्रिजमध्ये सॉलोमन शेक्टर यांना दाखवली. शेक्टर यांनी एक पान ओळखलं. ते हिब्रू बेन सिराचं होतं. मग ते कैरोला गेले. तिथल्या जुन्या बेन एझ्रा सभास्थानात एक खोली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद जीर्ण झाला तरी फेकायचा नाही, म्हणून शतकानुशतकं लोक तिथं कागद टाकत आले होते. शेक्टर यांनी १,९०,००० हून अधिक तुकडे केंब्रिजला आणले. त्यांत बेन सिराची आणखी पानं मिळाली.

पण ही पानं मध्ययुगातली. हे मूळ हिब्रूच कशावरून, नंतर कुणी उलट भाषांतर करून तयार केलं असेल, अशी शंका काही विद्वानांनी घेतली. निकाल लागायला १९६४ साल यावं लागलं. यिगाएल यादीन मसादा या डोंगरी किल्ल्यावर उत्खनन करत होते. इसवी सन ७३-७४ मध्ये रोमन सैन्यानं तो किल्ला घेतला होता, त्याआधीपासून तिथं असलेली चामड्याची एक हिब्रू गुंडाळी त्यांना सापडली. ती बेन सिराची होती. कैरोच्या प्रतीशी ताडल्यावर हजारेक वर्षांचं अंतर असूनही मजकूर बव्हंशी जुळला. या गुंडाळीत बेचाळिसावं प्रकरण आहे, आणि त्यात माणसानं कोणत्या गोष्टींची लाज बाळगू नये याची यादी आहे: भागीदाराशी आणि वाटेतल्या सोबत्यांशी चोख हिशेब ठेवण्याची, वारसा वाटून देण्याची, तराजू आणि वजनं तपासून पाहण्याची, आणि दिलं-घेतलं ते सगळं लिहून ठेवण्याची.